केस कापताना हात वर करण्याची मुभा

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी राहणारा, पहिलीत शिकणारा सहा वर्षांचा मुलगा केस कापताना इतका आक्रोश करत असे की त्याला धरायला वडील आणि मामा असे दोघे लागत. एकाने पाय धरायचे, दुसऱ्याने डोके छातीशी आवळायचे आणि तेवढ्यात सलूनमधल्या कारागिराने मशीन फिरवून मोकळे व्हायचे, अशी दर दोन-तीन महिन्यांची रीत होऊन बसली होती. पुढे वडिलांनी दुसरा मार्ग काढला. मुलगा रात्री गाढ झोपला की ते कात्रीने थोडे थोडे केस कापू लागले. सकाळी उशीवर केसांचे बारीक तुकडे सापडू लागले, तेव्हा मुलाने झोपण्यापूर्वी उशी उलटीपालटी करून तपासायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत तो झोपायलाच नकार देऊ लागला. आईवडील माझ्याकडे मदत मागायला आले ते केसांसाठी नव्हे, या उडालेल्या झोपेसाठी.

हे प्रकरण एकाच मुलाचे नाही. सारख्याच अडचणी असलेल्या मुलांच्या अनुभवांतून, कोणाचीही ओळख उघड होणार नाही अशा बेताने, ते एका मुलाच्या रूपात मांडले आहे. सामाजिक कथा, म्हणजे एखाद्या प्रसंगात काय घडते हे मुलाला समजेल अशा शब्दांत सांगणारी छोटी कथा, या साधनाविषयी मराठी पालकांमध्ये अलीकडे बरीच उत्सुकता दिसते, तयार कथाही सहज मिळतात. पण कथा लिहिण्यापूर्वी काय करावे लागते आणि लिहिल्यानंतर मोठ्यांवर कोणती जबाबदारी येते, याची चर्चा फारच कमी होते. ती व्हावी, हा या लेखनाचा हेतू आहे.

मुलगा आणि त्याचे घर

अंगणवाडीत तपासणीसाठी येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने मुलगा चार वर्षांचा असताना त्याला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवले होते आणि तेथे ऑटिझमचे, म्हणजे स्वमग्नतेचे, निदान झाले होते. तो लहान लहान वाक्ये बोलतो. एसटीच्या पाट्या वाचण्याची त्याला विलक्षण आवड आहे. अक्षरे जुळवून वाचायला तो शाळेत शिकण्याआधी बसस्थानकावर शिकला, असे त्याचे आजोबा कौतुकाने सांगतात. झोपाळ्यावर तो कितीही वेळ बसू शकतो. दारातल्या चपला जोडीने, टाचा भिंतीकडे करून लावणे हे त्याने स्वतःहून घेतलेले काम आहे. शर्टाच्या कॉलरला आतून लावलेली कंपनीची पट्टी मात्र कापल्याशिवाय तो नवा शर्ट घालत नाही आणि पावसाचे शिंतोडे मानेवर पडले की ताबडतोब कोरड्या टॉवेलची मागणी करतो.

जावळ काढताना तो मामाच्या मांडीवर खूप रडला होता. जावळाच्या वेळी सगळीच मुले रडतात, त्यामुळे त्या रडण्याकडे कोणी वेगळ्या नजरेने पाहिले नाही. नंतर ‘हट्टी आहे’, ‘लाडावला आहे’, ‘एकदा जोरात दम दिला की गप्प बसेल’ असे सल्ले मिळत गेले. आईने दम देऊन पाहिला होता आणि खेळण्याचे आमिषही दाखवून पाहिले होते. दोन्हींचा उपयोग झाला नाही, याचे कारण मुलाच्या हट्टात शोधण्यापेक्षा त्याच्या त्वचेत, कानांत आणि अधांतरी लोंबणाऱ्या पायांत शोधायला हवे होते.

संवेदनांच्या अडचणी म्हणजे नेमके काय

अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी उपचार देणाऱ्या) ए. जीन एअर्स यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत असे मांडले की स्पर्श, हालचाल, तोल, स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव यांची मेंदूत जी जुळवाजुळव होते तिच्यात अडथळा आला, तर मुलाच्या शिकण्यावर आणि वागण्यावर परिणाम होतो. पुढे विनी डन यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या आराखड्याने पालकांना समजेल अशी भाषा दिली: काही मुलांना थोडीशी संवेदनाही पुष्कळ होते, काहींना पुष्कळ संवेदनाही पुरत नाही, आणि त्यावर काही मुले निमूट राहतात, तर काही स्वतः धडपड करून संवेदना मिळवतात किंवा टाळतात. एकाच मुलात दोन्ही टोके असू शकतात. आपल्या मुलाला स्पर्श सोसत नव्हता, पण झोके कितीही घेतले तरी पुरत नव्हते.

येथे एक गोष्ट पालकांना स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. संवेदनांच्या अडचणी खऱ्या असल्या, तरी त्यांना स्वतंत्र आजाराचे नाव द्यावे की नाही याबद्दल वैद्यकात एकमत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये असे स्वतंत्र निदान सहसा करू नये, असा सल्ला दिला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत ते स्वतंत्र निदान म्हणून नाही. मात्र ऑटिझमच्या लक्षणांत संवेदनांना मिळणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद त्याच पुस्तिकेने प्रथमच नोंदवला. तेव्हा कोणी केवळ एका प्रश्नावलीच्या आधारे मुलाला आजाराचे लेबल लावत असेल, तर पालकांनी थांबून चौकशी करावी. लेबल असो वा नसो, मानेवर केस टोचत असतील तर ते टोचतात, आणि उपाय त्या टोचण्यावर करायचा असतो.

व्यवसायोपचाराची सोय अजूनही शहरांपुरती आहे, हेही येथे नमूद करायला हवे. या विषयाचे देशातील पहिले विद्यालय कमलाताई निंबकरांच्या पुढाकाराने मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये सुरू झाले. पण आजही तालुक्याच्या गावातील आईला उपचारासाठी पोराला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी एसटीने जावे लागते आणि त्या दिवसाची वडिलांची मजुरी बुडते. म्हणून घरच्या माणसांच्या हातात राहील, विजेवर किंवा महागड्या साहित्यावर अवलंबून नसेल, असे साधन शोधणे भाग होते.

आधी पाहणी

सर्वप्रथम कान आणि डोक्याची त्वचा डॉक्टरांकडून तपासून घेतली. कानात संसर्ग असेल किंवा टाळूवर पुरळ असेल, तर केस कापताना होणारी वेदना हीच रडण्याचे सरळ कारण असते आणि अशा वेळी कथा वाचून दाखवणे हा अन्याय ठरतो. तसे काही आढळले नाही.

त्यानंतर वडिलांनी पूर्वी मोबाइलवर घेतलेले एक चित्रीकरण आम्ही आवाज चालू ठेवून, पुन्हा पुन्हा थांबवत पाहिले. ‘केस कापायला रडतो’ या एका वाक्यात घरच्यांनी जे गुंडाळून ठेवले होते, त्याचे पदर तेथे सुटे झाले. मुलगा दुकानात हसत शिरला होता. खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकून त्याला वर बसवले, तेव्हा त्याने दोन्ही मुठींनी फळीची कड घट्ट धरली. त्याचे पाय लोंबकळत होते आणि पाठीला टेकू नव्हता. ज्याला तोल सांभाळण्याची चिंता आहे, त्याचे डोके कोणी पुढे झुकवले की त्याला पडल्यासारखे वाटते. मग कारागिराने पाण्याचा फवारा मारला आणि थेंब मानेवर ओघळले. पहिली किंचाळी येथे होती. कात्री चालू असताना तो कुरकुरत होता, पण सोसत होता. कापलेले केस कॉलरच्या आत जाऊ लागल्यावर त्याने मान खांद्यात खुपसली. अखेर मशीन कानामागे टेकले आणि त्यानंतरचे सगळे चित्रण हातापायांच्या झटापटीचे होते. शेवटी ब्रशने पावडर लावली गेली, तोवर तो थरथरत होता.

मशीनच्या बाबतीत एक शारीरिक तथ्य महत्त्वाचे आहे. कानामागच्या हाडाला काही थरथरते टेकले की ती कंपने हवेतून न येता कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतात. मुलगा दोन्ही कान दाबून धरत होता आणि तरीही आवाज थांबत नव्हता. त्याच्या दृष्टीने ते डोक्याच्या आत वाजत होते. ‘कान झाकून घे, काही होत नाही’ असे त्याला सांगितले जात होते आणि ते खरे नव्हते. कानावर लावायचे आवाजरोधक येथे फारसे कामाचे नव्हते, हेही यावरून लक्षात आले.

स्पर्शाबद्दलही असेच. बोटांच्या टोकांनी केलेला हलका, सरपटता स्पर्श पुष्कळ मुलांना दचकवतो, तर तळहाताचा भक्कम, स्थिर दाब त्यांना सोसतो, कित्येकांना आवडतोही. कारागीर डोके बोटांच्या चिमटीत धरून वळवत होता.

या पाहणीनंतर बदलायच्या गोष्टी समोर होत्या: पाण्याचा फवारा नको, मशीन नको, पावडर नको, पायांखाली स्टूल हवे, गळ्याभोवती घरचा मऊ टॉवेल हवा, डोके तळहाताने धरायला हवे, आणि रविवारच्या गर्दीऐवजी आठवड्यातल्या एखाद्या दुपारी दुकान रिकामे असताना जायला हवे. माझे ठाम मत आहे की हे बदल कथेच्या आधी व्हायला हवेत. त्रासदायक परिस्थिती जशीच्या तशी ठेवून मुलाने ती गुपचूप सोसावी यासाठी कथा वापरणे म्हणजे दोन माणसांनी हातपाय धरण्याचेच काम कागदाकडून करून घेणे होय.

आईने लिहिलेली कथा

आईने आमच्या भेटीपूर्वीच एक कथा लिहून ठेवली होती. तिच्यात अशी वाक्ये होती: ‘मी शहाणा मुलगा आहे. मी केस कापताना रडणार नाही. केस कापताना अजिबात दुखत नाही. मी शांत बसलो की आईला आनंद होतो. रडलो तर सगळे मला हसतील.’ या वाक्यांमागची तळमळ मला पूर्ण समजते आणि अशा कथा मी अनेक घरांत पाहिल्या आहेत. परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर आज्ञा आहे, नाहीतर मुलाच्या अनुभवाला खोटे ठरवणारे विधान आहे. ज्याला खरोखर दुखते त्याने ‘दुखत नाही’ असे स्वतःच्या तोंडाने वाचायचे, हे त्याला गोंधळात टाकते. आणि शेवटच्या वाक्यात तर धमकी आहे.

सामाजिक कथेची कल्पना अमेरिकेतील मिशिगन राज्यात जेनिसन येथे शिक्षिका असलेल्या कॅरल ग्रे यांनी १९९०-९१ च्या सुमारास विकसित केली आणि १९९३ मध्ये त्यावरील पहिला लेख जॉय गॅरंड यांच्यासह प्रसिद्ध केला. इतरांना न सांगता कळणारी सामाजिक माहिती या मुलांपर्यंत अनेकदा पोहोचतच नाही, ती शांतपणे, अचूकपणे आणि मुलाला समजेल अशा रीतीने पोहोचवावी, हा तिचा गाभा आहे. मुलाला वळण लावणे हा तिचा उद्देश नाही. ग्रे यांच्या सुरुवातीच्या नियमानुसार ‘काय करावे’ हे सांगणाऱ्या प्रत्येक वाक्यामागे परिस्थितीचे, माणसांच्या विचारांचे आणि भावनांचे वर्णन करणारी किमान दोन ते पाच वाक्ये असली पाहिजेत. आईच्या कथेत हे प्रमाण नेमके उलटे होते. शिवाय ग्रे यांचा असाही आग्रह आहे की एखाद्या मुलासाठी लिहिलेल्या कथांपैकी निदान निम्म्या त्याला आधीच चांगले जमणाऱ्या गोष्टींविषयी असाव्यात. व्यवहारात सर्वांत जास्त दुर्लक्ष याच अटीकडे होते आणि त्यामुळे वही उघडली की आता आपली काहीतरी चूक दाखवली जाणार, हे मूल चटकन ओळखायला शिकते.

म्हणून आम्ही केसांना हात न लावता चपलांपासून सुरुवात केली. शंभर पानी वहीत, पानाला एक-दोन वाक्ये आणि एक छायाचित्र अशी ती कथा आईनेच लिहिली: ‘आमच्या दारात पुष्कळ चपला असतात. आजोबांच्या चपला मोठ्या आहेत. मी चपला जोडीने लावतो. चपला जोडीने असल्या की आजीला तिच्या चपला लगेच सापडतात.’ तीत एकही सूचना नव्हती. मुलाने ती वही उशाशी ठेवायला मागितली.

दुकानातले बोलणे

कथेतील माणसांचे विचार मनाने रचायचे नसतात, ते विचारून घ्यायचे असतात. म्हणून मुलाला न नेता आई आणि मी दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचे गृहस्थ होते आणि मुलाला पाहिले की त्यांच्याच पोटात गोळा येतो, हे त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले. “ताई, पोरगं एकदम मान फिरवतं. कात्री कानाला लागली तर? म्हणून मी डोकं आवळून धरतो आणि मशीन घेतो, लवकर उरकावं म्हणून.” डोके धरणे आणि मशीन वापरणे या मुलाला सर्वांत असह्य वाटणाऱ्या दोन्ही गोष्टी काळजीपोटी होत होत्या, हे आईलाही तेव्हाच कळले. या एका उत्तराने कथेला तिचे सर्वांत मोलाचे पान दिले.

मुलाने हात वर केला की कात्री बाजूला घ्यायची, कितीही वेळा केला तरी घ्यायची, आणि चिडायचे नाही, हे त्यांना मान्य आहे का, असे आम्ही विचारले. त्यांनी जरा विचार केला आणि वेळ जास्त लागेल, म्हणून दुपारी जेवणानंतर या, असे सांगितले. पाणी न लावता कंगव्यावर केस धरून कात्रीने कापता येतील, हेही त्यांनीच सुचवले. मानेवरची कड मात्र वस्तऱ्याशिवाय नीट निघणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. ती तशीच राहू द्यावी, असे ठरले.

कथा

दुकानाची, खुर्चीची, स्टुलाची आणि टॉवेलची छायाचित्रे चिकटवून तयार झालेली कथा पुढीलप्रमाणे होती.

‘माझे केस वाढतात. सगळ्यांचे केस वाढतात.

केस वाढले की डोळ्यांवर येतात. मग बाबा आणि मी काकांच्या दुकानात जातो.

दुकानात मोठी खुर्ची आहे. समोर आरसा आहे. माझ्या पायांखाली स्टूल असते.

मी घरचा निळा टॉवेल गळ्याभोवती घेतो. टॉवेलवर काका कापड बांधतात.

काका कात्रीने केस कापतात. कात्री कचकच वाजते. कानाजवळ आली की आवाज मोठा वाटतो.

माझ्या कानाला कात्री लागू नये, असे काकांना वाटते. म्हणून ते माझ्या डोक्यावर तळहात ठेवतात.

कधीकधी कापलेले केस मानेवर पडतात. ते टोचतात. टोचलेले मला आवडत नाही. बऱ्याच मुलांना ते आवडत नाही.

मला थांबावेसे वाटले तर मी हात वर करू शकतो. मी हात वर केला की काका कात्री बाजूला घेतात. बाबा माझी मान पुसतात.

मी हात खाली घेतला की काका पुन्हा केस कापतात.

कधीकधी सगळे केस एकाच दिवशी कापून होतात. कधीकधी राहिलेले केस दुसऱ्या दिवशी कापतात. दोन्ही चालते.

मी झोपलेला असताना कोणी माझे केस कापत नाही.

केस कापून झाले की आम्ही घरी येतो. मी अंघोळ करतो.’

मुलाने काय करायचे हे सांगणारे वाक्य यात एकच आहे आणि तेही ‘करू शकतो’ असे आहे. ते मुलाला सवलत देते. ‘कधीकधी’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलासमोर ‘नेहमी’ लिहिले आणि एकदा जरी वेगळे घडले, तर सगळी वही खोटी ठरते. ‘थोडा वेळ बस’ यासारखी मोजता न येणारी वाक्ये गाळली. टोचते हे कबूल केले. आणि झोपेविषयीच्या वाक्यासाठी वडिलांकडून आधी शब्द घेतला. ते काहीसे नाराज झाले, कारण घरातल्या घरात उरकण्याचा त्यांचा एकमेव मार्ग बंद होत होता. तरी त्यांनी तो दिला आणि पाळला. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणात सर्वांत परिणामकारक वाक्य तेच ठरले. केस कापण्याच्या कितीतरी आधी मुलाची उशी तपासण्याची सवय सुटली.

वाचन

कथा रोज संध्याकाळी, जेवणानंतर झोपाळ्यावर बसून आई वाचत असे. पहिले काही दिवस आजी शेजारी बसून प्रत्येक पानावर “मग, आता रडायचं नाही हं” अशी भर घालत. त्यांच्या मायेबद्दल शंका नव्हती, पण त्या एका वाक्याने वर्णनाचे पुन्हा आज्ञेत रूपांतर होत होते. ‘सासूबाईंना कसे सांगू’ असा आईचा प्रश्न होता. तेव्हा आजींनाच एक काम दिले. ‘बाबा माझी मान पुसतात’ हे पान आले की त्यांनी मुलाच्या मानेवरून कोरडा टॉवेल दाबून फिरवायचा. यामुळे मुलाला तो स्पर्श ओळखीचा झाला आणि आजीही कथेत सामील झाल्या. मुलगा नको म्हणाला की त्या दिवशी वाचन बंद, हा नियम होता. कथा शिक्षा म्हणून किंवा मुलगा चिडलेला असताना कधीही वाचायची नव्हती.

दरम्यान वडील मुलाला दुकानात नेऊन नुसते बसवत. एकदा मुलगा पायांखाली स्टूल घेऊन खुर्चीवर बसला, आरशात पाहिले आणि उतरला. आजींची जुनी जाड गोधडी घडी करून मांडीवर ठेवली की तो अधिक स्थिर बसतो, हे आईच्या ध्यानात आले. वजनाच्या अशा वस्तूंचा परिणाम सगळ्याच मुलांत दिसत नाही आणि त्याबद्दलचे पुरावेही बेताचेच आहेत. पण येथे मुलगा ती स्वतः मागत होता, तेव्हा ती सोबत नेण्याचे ठरले.

कात्री थांबली

ठरलेल्या दुपारी मुलगा खुर्चीवर बसला आणि कात्री केसांना लागण्यापूर्वीच त्याने हात वर केला. काकांनी कात्री बाजूला घेतली. हात खाली आला, कात्री जवळ गेली, पुन्हा हात वर. असे बराच वेळ चालले. बाहेरून पाहणाऱ्याला हा खेळ किंवा खोडी वाटली असती, पण मुलगा वहीतले वाक्य खरे आहे का, हे तपासत होता. दुकानदारांनी एकदाही ‘आता पुरे’ म्हटले नाही. त्यानंतर कापणे सुरू झाले. डाव्या कानाजवळ तो रडला, हात वर केला, मान पुसून घेतली. डावी बाजू आणि समोरचे केस झाल्यावर त्याने हात खाली घेतलाच नाही. वडिलांनी ‘एवढे राहिले आहे, उरकू या’ म्हणण्याचा मोह आवरला आणि अर्धे केस कापलेल्या मुलाला घेऊन ते घरी आले.

आजींना ते फार लागले. असे ध्यान घेऊन पोर शाळेत गेले तर लोक काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखाही नव्हता. पण वहीत ‘दोन्ही चालते’ असे लिहिले होते. त्या दिवशी जबरदस्ती झाली असती, तर पुढच्या कोणत्याही कथेवर त्याने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नसते. उरलेले केस दुसऱ्या दुपारी कापले गेले. कोणीही त्याला धरले नाही.

पुढे एकदा गाडी घसरली. दुकानदार गावाला गेले होते आणि त्यांच्या जागी बसलेल्या तरुण कारागिराला कसलीच कल्पना नव्हती. त्याने सवयीने पाण्याचा फवारा उचलला, मुलाने हात वर केला आणि फवारा तरीही उडाला. मुलगा खुर्चीवरून उतरून रस्त्यावर धावला. वडिलांनी त्याला गाठले. त्यानंतर कित्येक दिवस तो वहीला हात लावेना. दोष त्या कारागिराचा म्हणता येत नाही. त्याला कोणी सांगितले नव्हते. वहीत नवी पाने घातली: ‘कधीकधी काका दुकानात नसतात. दुसरे दादा असतात. दादांना माझा हात वर करण्याचा नियम माहीत नसतो. काका नसले तर बाबा आणि मी घरी परत येतो. काका असतात त्या दिवशी आम्ही पुन्हा जातो.’ आणि मुलाला सोबत नेण्यापूर्वी फोन करून विचारण्याची जबाबदारी वडिलांनी घेतली.

यश कशाचे

मुलगा आता खुर्चीवर बसून केस कापून घेतो, हे कथेचे यश आहे का? याचे उत्तर सरळ देता येत नाही आणि तसे ते देऊही नये. फवारा गेला, मशीन गेले, स्टूल आले, दुकान रिकामे मिळाले, दुकानदार समंजस भेटले आणि रात्रीची कात्री थांबली. या सर्वांतून कथेचा वाटा वेगळा काढून मोजणे एका मुलाच्या बाबतीत शक्य नाही. मोठ्या अभ्यासांतूनही चित्र संमिश्र आहे. ब्रिटनमधील ८७ शाळांतील २४९ ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या चाचणीत, सामाजिक कथांमुळे सहा महिन्यांनंतर मुलांच्या एकूण सामाजिक प्रतिसादात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र प्रत्येक मुलासाठी ठरवलेले विशिष्ट उद्दिष्ट कथा मिळालेल्या मुलांच्या बाबतीत अधिक वेळा साध्य झाले. माझ्या अनुभवाशी हे जुळते. कथेने मूल बदलत नाही, त्याची स्पर्शाची संवेदनाही कमी होत नाही. एका ठरावीक प्रसंगात पुढे काय होणार आणि आपल्या हातात काय आहे, हे त्याला कळते. अपेक्षा तेवढीच ठेवली तर हे साधन निराश करत नाही.

कथेचा दुसरा उपयोग मात्र मला तितकाच मोठा वाटतो, आणि तो मोठ्यांना होतो. ‘मी हात वर केला की काका कात्री बाजूला घेतात’ हे वाक्य लिहिण्यासाठी आधी काकांना विचारावे लागले. ‘मी झोपलेला असताना कोणी माझे केस कापत नाही’ हे लिहिण्यासाठी वडिलांना बांधून घ्यावे लागले. कोणती वाक्ये आपण खरी करून दाखवू शकतो, हे आधी ठरवणे आणि तेवढीच लिहिणे ही शिस्त पाळली, तर तयार कथा छापून आणण्याचा मोह आपोआप कमी होतो, कारण दुसऱ्या गावच्या दुसऱ्या दुकानातील कारागिराच्या वतीने शब्द देणे कोणालाच शक्य नसते.

सध्या मानेवरची कड वडील घरी, मुलगा जागा असताना, त्याला विचारून कात्रीने कापतात. ती सरळ येत नाही आणि ते कोणी मनावर घेत नाही. मशीनची सवय लावण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे, कारण कात्रीने काम होत असताना त्याची गरज नाही. मोठेपणी त्याला स्वतःला हवे वाटले तर तेव्हा पाहता येईल. शाळेत परिपाठाच्या वेळी ध्वनिक्षेपक सुरू झाला की तो रांगेतून पळतो, अशी वर्गशिक्षिकांची नवी अडचण आहे आणि त्यांनी केसांच्या वहीसारखी एक वही मागितली आहे. ध्वनिक्षेपक कोठे आहे, मुलगा रांगेत कितवा उभा असतो, तो आवाजाला पळतो की मागच्याच्या धक्क्याला, हे आधी काही दिवस पाहावे, असे त्यांना सुचवले आहे. ती पाहणी त्या आता करत आहेत.